पडद्याखालच्या ओळी

ऑगस्टमध्ये किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी ओरेस्ट बोयचुकला डायलिसिसबद्दल विचारलं, तेव्हा तो नाही म्हणाला नाही आणि हो पण म्हणाला नाही. "तीन महिने करून बघतो. मग सांगतो," एवढंच म्हणाला. बाहेर गाडीत बसल्यावर मात्र बायकोकडे वळला.

"नेटी, तू मध्ये पडायचं नाहीस. चालू ठेवायचं की सोडायचं, ते मी ठरवणार. शब्द दे."

नेटीनं शब्द दिला. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात आपण दिलेला हा सगळ्यात मूर्ख शब्द, असं तिचं गाडी घरी पोचायच्या आतच मत झालं. कारण सोडायचं म्हणजे काय, ते डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. मशीन बंद केलं की दोन आठवडे, फार तर तीन.

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी बारा ते चार, कॅनडातल्या डॉफिन गावच्या हॉस्पिटलात ओरेस्ट एका आरामखुर्चीत डावा हात पसरून बसायचा. त्या हातातून रक्त मशीनमध्ये जाऊन स्वच्छ होऊन परत यायचं, आणि तोवर हात हलवायचा नाही. दुखतं का म्हटलं तर नाही म्हणायचा. "छताला दोनशे सोळा चौकटी आहेत," एवढाच अहवाल द्यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. गावातल्या एलिव्हेटरवर, म्हणजे धान्याच्या उंच कोठारावर, चौतीस वर्षं काम केलेला माणूस. धान्य वर चढवणाऱ्या पट्ट्यांच्या खडखडाटानं त्याचे कान कधीच खाऊन टाकले होते. वॉर्डातला टीव्ही त्याला ऐकू यायचा नाही, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी गप्पा मारायच्या तर दोघांनाही ओरडावं लागायचं. ऑक्टोबर लागला तशी नेटी दिवस मोजायला लागली. हा गडी नाही म्हणणार, हे तिला त्याच्या पाठीवरूनच दिसत होतं.

मध्ये पडायचं नाही म्हणाला होता. सिनेमे द्यायचे नाहीत असं कुठे म्हणाला होता?

कॅलगरीहून त्यांच्या मुलीनं, डार्लीननं, हाताच्या पंजाएवढा एक प्लेअर पाठवला. घरात डीव्हीडींचं एक अख्खं कपाट भरलेलं होतं. सुपरमार्केटच्या दाराशी स्वस्तातल्या डीव्हीडींचा जो हौद असतो, त्यात कोपरापर्यंत हात घालून नेटीनं वर्षानुवर्षं जमवलेल्या. त्या तबकड्या कॉम्प्युटरमध्ये घालून त्यांची छोट्या पडद्याला चालेल अशी फाइल करायची, आणि ती वायरीनं प्लेअरमध्ये सोडायची. डार्लीननं फोनवर एकेक पायरी सांगितली आणि नेटीनं ती पाककृतीच्या कार्डावर उतरवून घेतली. दहा पायऱ्या. नेटी कार्डाबाहेर जाणारी बाई नव्हे. होलुब्त्सीसाठी, भात भरून गुंडाळायच्या कोबीच्या पानांना, किती वेळ उकळी द्यायची, हे चाळीस वर्षांनंतरही ती कार्ड बघून ठरवायची. सहावी पायरी होती, 'सबटायटल: हात लावू नकोस, आहे तसं राहू दे.' तिनं हात लावला नाही.

एका सिनेमाला साडेतीन तास लागायचे. कॉम्प्युटर जुना, त्याचा पंखा घरघरायचा, पडद्यावर टक्के चढत राहायचे. नेटी टेबलावर पिठाच्या पाऱ्या लाटायची, बटाट्याचं सारण भरून कडा दाबायची आणि दर दहा पेरोगींमागे एकदा जाऊन टक्के बघून यायची. ओरेस्ट दारातून जाता-येता म्हणायचा, "अगं, बस की जरा. तो काय तुझ्या बघण्यानं पळणार आहे?"

"तू गप रे. एकोणसत्तर झालेत."

आणि जादू झाली. पहिल्या सोमवारी ओरेस्ट घरी आला, बोर्श्टच्या, बिटाच्या सुपाच्या वाटीपुढे बसला आणि आपणहून बोलायला लागला. पाणबुडीचा सिनेमा होता. कप्तान कसा हटवादी, खलाशी कसे वैतागलेले, सगळं रंगवून सांगितलं. नेटी चमचा हातात धरून ऐकत राहिली. बुधवारी दुसरा, शुक्रवारी तिसरा. ओरेस्ट घरी सिनेमा लावला की विसाव्या मिनिटाला घोरायला लागायचा, त्यामुळे त्याला सगळेच नवे होते. पाच आठवडे, डायलिसिसच्या दर दिवशी, सूप आणि गोष्ट. नेटी रात्री अंथरुणावर पडून देवाचे आभार मानायची, आणि डार्लीनचेही.

मग ओरेस्टनं सांगितलेल्या कोर्टाच्या सिनेमात वकीलच चोर निघाला. नेटीला जरा चमत्कारिक वाटलं, पण तो सिनेमा तिनं फार पूर्वी बघितलेला, आपलीच काही गफलत असेल म्हणून सोडून दिलं. सोमवारी मात्र गुरांची रँच सांभाळणाऱ्या विधवेचा सिनेमा होता, आणि तो तिला तोंडपाठ होता.

"शेवटी बाई रँच विकते," ओरेस्ट म्हणाला. "कागदावर सही करते आणि भावाबरोबर गाडीत बसून निघून जाते. बरोबरच आहे. एकटी बाई किती राबणार?"

"भावाबरोबर?"

"मग काय! तो उंच, मिशीवाला."

तो मिशीवाला तिचा भाऊ नव्हता. ती सही लग्नाच्या नोंदवहीत होती. रँच तर ती बाई जीव गेला तरी विकली नसती, सगळा सिनेमाच त्यावर होता. नेटीनं मान हलवली आणि भांडी उचलायला उठली. हॉस्पिटलातून दिलेल्या पुस्तिकेत एक पान होतं: रक्तात विष साचलं की रुग्णाचा गोंधळ होतो, समोरचं कळत नाही. तिनं ते पान वाचून मुद्दाम विसरून टाकलं होतं.

मंगळवारी ओरेस्ट दुपारचा आडवा झाला तशी तिनं हॉस्पिटलात फोन लावला. नर्स मारिव्हिक मूळची फिलिपिन्सची, पण आता डॉफिनमधल्या कुणाहीपेक्षा जास्त डॉफिनची.

"डोकं?" मारिव्हिक हसली. "नेटी आंटी, काल माझ्या नवऱ्याच्या ट्रकचं काय बिघडलंय, ते त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं. गॅरेजवाल्याला जमलं नव्हतं! रक्ताचे आकडेही चांगले आहेत."

"मग सिनेमा का कळत नाही त्याला?"

"ते मला नाही माहीत. पण बघतात मात्र मन लावून हां. कानातली मशिनं काढून ठेवतात, हेडफोनखाली ती शिट्ट्या मारतात म्हणून. आणि प्लेअर असा नाकाशी धरतात. वाचल्यासारखं."

नेटीनं फोन ठेवला. ओरेस्टच्या पिशवीतून प्लेअर काढला, विधवेचा सिनेमा लावला. चित्र छान होतं. बाई बोलत होती, मिशीवाला बोलत होता. पण खाली काहीच नव्हतं.

घरच्या टीव्हीवर सबटायटल कायम चालू. पंधरा वर्षांपूर्वी कधीतरी लावलेली, तेव्हापासून कुणी बंदच केलेली नव्हती. ती अक्षरं सिनेमातच असतात, पात्रांच्या टोप्या असतात तशी, अशीच नेटीची समजूत झाली होती. आणि डार्लीनच्या घरी कुणाला ती लागत नाहीत.

तिनं आवाज बंद केला आणि तसाच सिनेमा बघत बसली. माणसं तोंडं हलवत होती. रागावली का हसली, तेही नीट कळत नव्हतं. वीस मिनिटांत तिचं डोकं भणभणलं. आणि हा माणूस पाच आठवडे, आठवड्यातून तीनदा, डावा हात खिळल्यासारखा ठेवून हे बघत होता, आणि घरी येऊन बायकोला गोष्टी सांगता याव्यात म्हणून मनानं रचत होता. का सांगितलं नाही, हे तिला विचारावं लागलंच नाही. कॉम्प्युटरपुढे पीठभरल्या हातांनी उभी असलेली ती त्याला रोज दिसत होती. आपण त्याचे ते चार तास हलके केले म्हणून आपण देवाचे आभार मानत होतो, आणि तो आपल्यासाठी ते सोसत होता.

"गाढवा," ती झोपलेल्या नवऱ्याला दारातून म्हणाली. "म्हाताऱ्या गाढवा." मग स्वयंपाकघरात जाऊन, पदर कुठला, एप्रनच होता, त्यात तोंड खुपसून रडली.

डार्लीनला फोनवर आधी काही कळेना, मग कळलं. "आई, सहावी पायरी..."

"ते राहू दे. आता काय करायचं ते सांग."

"सबटायटलची यादी उघड, त्यातलं एक निवड आणि शेजारच्या चौकोनात टिक कर. म्हणजे अक्षरं चित्रातच पक्की होतील. मग ती पुसली जाणार नाहीत."

नेटीनं कार्डावरची सहावी ओळ खोडली आणि वर नवी लिहिली. संध्याकाळी टक्के शंभर झाले, तिनं अधीर होऊन फाइल लावली, तर खाली विधवेचं बोलणं फ्रेंचमध्ये उमटत होतं. कॅनडातल्या डीव्हीडीवर यादीत फ्रेंच आधी असू शकतं, हे कार्डावर नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच ती कार्डाला विचारायला गेली नाही. यादीत बोट एक ओळ खाली सरकवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बुधवारी सकाळी अकरा वाजता प्लेअर त्याच्या पिशवीत होता. तिनं एक शब्द सांगितला नाही. काय सांगणार? तुझ्या थापा पकडल्या म्हणून?

बुधवारी ओरेस्ट घरी आला, सूप प्यायला आणि काहीच बोलला नाही.

"कसा होता सिनेमा?" तिनं शेवटी विचारलंच.

"बरा होता."

बस. गुरुवारीही तसंच. बर्फ पडायला लागलं होतं, तो खिडकीशी बसून बघत राहिला. आपण त्याला उघडा पाडला, असं नेटीला वाटलं. बिचाऱ्यानं पाच आठवडे जपलेलं काहीतरी आपण शहाणपणा करून मोडलं. शुक्रवारी डॉक्टरीणबाई विनिपेगहून येणार होत्या, आणि त्यांना उत्तर हवं होतं.

शुक्रवारी ती त्याच्याबरोबर गेली. मारिव्हिकनं सुया लावल्या, मशीन फिरायला लागलं. अडीचच्या सुमाराला डॉक्टरीणबाई फाइल घेऊन खुर्चीशी आल्या. ओरेस्टनं त्यांच्यासाठी कानातली मशिनं घालून घेतली.

"मग, मिस्टर बोयचुक? तीन महिने झाले. काय ठरवलंत?"

"चालू ठेवायचं," ओरेस्ट म्हणाला.

नेटीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. आपण नीट ऐकलं का, तेच तिला कळेना. डॉक्टरीणबाईंनाही बहुधा हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यांनी पेन थांबवलं. "मला आनंद आहे. पण मागच्या महिन्यात तुम्ही मला जवळजवळ नाहीच म्हणाला होतात. काय बदललं, विचारू का?"

ओरेस्टनं कानातलं मशीन नीट बसवलं.

"मला नीट ऐकू येत नाही, त्याला आता वीस वर्षं होतील," तो म्हणाला. "लोक बोलतात ते कळत नाही, हे एक. पण मी बोललेलं कुणी ऐकतंय की नुसतं मान हलवतंय, तेही कळत नाही. जेवताना मी हिला काय वाटेल त्या गोष्टी सांगायचो. म्हटलं, हिला काय, मी बोलतोय एवढंच पुरे. नवऱ्याची बडबड, चालू दे. बुधवारी तोच सिनेमा पुन्हा निघाला, आणि खाली शब्द होते. मी हिला भाऊ म्हणून सांगितलेला मिशीवाला निघाला नवरा."

त्यानं मोकळा हात नेटीच्या हातावर ठेवला, तिच्याकडे न बघता. पुढचं तो नेहमीसारखा नको तेवढ्या मोठ्या आवाजात बोलला, त्यामुळे सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं.

"ही ऐकत होती, डॉक्टर. रोजचं रोज. शब्द न् शब्द ऐकत होती."