कुट्टप्पनला पाणी पाजू नका

मित्रांनो, मी एक जुना रबरी माणूस आहे. मला नाक, डोळे, हातपाय सगळे आहे, पण आतून मी पोकळ आहे. बेशुद्ध पडून राहणे, एवढेच माझे काम. कोचीच्या कारखान्यात मला साच्यात ओतले आणि होडीत घालून कालव्याकाठच्या या शाळेत आणले. मुलांनी माझे नाव कुट्टप्पन ठेवले.

तिसरीच्या तंकमणी टीचर मला जमिनीवर निजवत आणि मुलांना प्रथमोपचार शिकवत. आधी हाक मारा, खांदा हलवा. माणूस उठला नाही, पण श्वास चालू असेल, तर त्याला कुशीवर वळवा. मोठ्या माणसाला बोलवा, १०८ ला फोन करा.

जोबिन एकदा शहाळे घेऊन आला. "टीचर, ह्याला तहान लागली असेल."

"बेशुद्ध माणसाला गिळता येतं का रे? सगळं छातीत जाईल त्याच्या. त्याला काही पाजायचं नाही."

मुले हसली. मला ते हसणे आवडे.

पुढे परीक्षा जवळ आल्या. हेडमास्तर म्हणाले, "टीचर, आता हा खेळ पुरे." मला कपाटात उभे केले. पावसाळ्यात माझ्या मानेवर बुरशी चढली. कपाटाचे दार नीट लागत नसे, म्हणून फटीतून मला वर्ग दिसे.

त्या दुपारी हेडमास्तर बैठकीला गेले होते, स्वयंपाकीण सारम्मा भांडी आवरून घरी गेली होती. टीचर फळ्यावर लिहीत होत्या. खडू हातातून गळला. त्या काहीतरी बोलल्या, पण शब्द समजले नाहीत, आणि त्या खाली कोसळल्या.

वर्ग जागच्या जागी थिजला. कोणी रडू लागले. जोबिन बाटली उघडून धावला, टीचरच्या ओठांना लावू लागला. मी सगळे पाहत होतो. त्या वेळी एक शब्द बोलता यावा, म्हणून मी काय दिले नसते. पण रबराच्या तोंडातून काय निघणार?

"जोबिन, थांब." शिफाना होती ती, वर्गातली सर्वांत घाबरट मुलगी. "कुट्टप्पनला तरी पाजू दिलं होतं का टीचरनी?"

जोबिनचा हात मागे आला. शिफानाने टीचरच्या छातीकडे पाहिले. ती खालीवर होत होती. मग चौघांनी मिळून त्यांना कुशीवर वळवले. लाळ गालावरून बाहेर ओघळली. एक मुलगा शेजारच्या गिरणीतल्या माणसांना बोलवायला पळाला. शिफानाने टीचरच्या पिशवीतला फोन काढून १०८ लावला.

"आमच्या टीचर पडल्या. उठत नाहीत. श्वास आहे." पलीकडून काही विचारले असावे. "गाडी नाही येणार इथं. होडी पाठवा. तांदळाच्या गिरणीमागची शाळा." तिचा आवाज फुटत होता, पण सगळे सांगितल्याशिवाय तिने फोन ठेवला नाही.

होडी यायला फार वेळ लागला. गिरणीतली माणसे धावत आली; मुले टीचरच्या पाठीशी बसून होती. मी कपाटात होतो.

त्या जगल्या की नाही, हे मला कोणी सांगितले नाही. कपाटाला कोण सांगणार?

बऱ्याच महिन्यांनी दार उघडले. समोर टीचर होत्या, शेजारी शिफाना. मेंदूतली शीर तुंबली होती, म्हणे. त्यांचा उजवा हात लुळा झाला होता, बोलणे अडखळत होते. डाव्या हाताने त्यांनी माझी बुरशी पुसली.

"मोळे, पोरी," त्यांनी शिफानाला विचारले, "भीती नाही वाटली?"

"अजून वाटते, टीचर. हात थरथरत होते. पण थरथरत्या हातानं पण फोन लागतो."

टीचरनी डाव्या हाताने मला बाहेर ओढले आणि जमिनीवर निजवले.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखा कोणी कोपऱ्यात पडला असेल. त्याला बाहेर काढा. हव्या तितक्या वेळा पाडा, वळवा, हाका मारा. आम्ही उठणार नाही. पण एखाद्या दिवशी, तुम्ही हाक मारल्यावर, कोणीतरी खरोखर डोळे उघडेल.