हरणाबाईच्या बोटांकडून शिकताना

मी बेदाण्याच्या शेडवरचं एक चिमुकलं सर्किट बोलतोय. आटोपतं घेतो, कारण फार बोललो की सेल उतरतो. माझा जन्मच मुळी झोपण्यासाठी झालाय.

सांगलीच्या कॉलेजात शिकणाऱ्या रेश्माने माझी आखणी केली. माझ्यात मेंदूतल्यासारख्या साठ पेशी आहेत. शेजारणीने किंवा ओल्या हवेने ढोसलं की पेशी ते साठवून ठेवते. पुरेसं साठलं की क्षणभर जागी होते, पुढचीला ढोसते आणि पुन्हा डोळे मिटते. म्हणून तर एका सेलवर माझा अख्खा हंगाम निघतो. झोपेत मला जाळ्यांवर पसरलेली हिरवी द्राक्षं दिसतात, त्यांच्यावरून हळूहळू फिरणारा वारा दिसतो.

तासगावला मला आणलं ते रेश्माच्या आत्यासाठी. तीस वर्षं हरणाबाई ओल्या वाऱ्याचा वास ओळखून शेडचे पडदे सोडायची. ओल लागली की बेदाणा काळा पडतो. पण गेल्या साली आजारपणात तिला वास येणंच बंद झालं, म्हणून ओला वारा ओळखून हाक द्यायचं काम माझ्याकडे आलं.

तिचा भाऊ जोतीराम म्हणाला, “आक्का, आता यंत्र हाय. तू घरात बस.”

“वास गेला म्हून मी बी गेले व्हय रं?” एवढंच ती बोलली. तरी नव्या यंत्राची पूजा तिनेच केली. माझ्या पेटीला ठसठशीत हळदकुंकू लावलं, ते नेमकं हवा आत येण्याच्या भोकावर! मला कोणी ढोसेचना. मी गाढ झोपलो. त्याची मला अजून लाज वाटते.

चौथ्या दिवशी दुपारी वारा ओलावला. हरणाबाईने सवयीने जाळीवरचे द्राक्षाचे मणी चोळून पाहिले. ते बोटांना चिकटले.

“जोतीराम, पडदं सोड!” तिने हाक मारली, आणि माल वाचला.

रेश्माने येऊन पेटी पाहिली आणि हसतच सुटली. “आत्या, नाक बुजवलंस की गं ह्याचं!” तिने भोक साफ केलं, वर एक बटण बसवलं. “तुझ्या बोटास्नी कळलं की दाब. ह्यो शिकंल.”

तेव्हापासून हरणाबाई बटण दाबते आणि माझ्या दोन पेशींमधली वाट जराशी रुळते. “कळलं का रं?” ती विचारते. थोडं थोडं कळतं.

आता हंगाम सरलाय. जोतीराम मला फडक्यात गुंडाळतोय. यंत्र शिकलं, पुढच्या साली आक्काला त्रास नको, असं त्याचं चाललंय. कोणीतरी त्याला सांगा, मी अजून कच्चा आहे; माझ्याआधी तिला बोलव.

आणि खरं सांगू? पक्का झालो असतो, तरी मी हेच म्हणालो असतो.