कणगीखालचा ठसा

शेणाची पाटी, अर्धी भरलेली.

तीन बोटं. मोठी, पसरलेली.

खिंडीत बर्फ आणि चुलीवर रटरटणारी पापा, मक्याच्या पिठाची घट्ट लापशी.

वाकड्या दांड्याचा एक चमचा.

एक नाव. ते ज्याचं आहे तो ओ देत नाही, दुसरीच कुणीतरी देते.

मित्रांनो, हे सगळं एकाच खोलीच्या गोष्टीतलं आहे आणि त्या खोलीच्या जमिनीत मी आहे. मी डायनासोरच्या पायाचा ठसा आहे. पाय नव्हे, ठसा. पाय चिखलात पडला, उचलला गेला आणि पुढे निघून गेला. त्या प्राण्यानं काय खाल्लं, तो कसा मेला, मला ठाऊक नाही. मला फक्त त्याचं वजन ठाऊक आहे, तेही एका क्षणाचं.

मग ऊन पडलं. चिखल आळत आला. तेव्हा उंदराएवढा एक केसाळ सस्तन प्राणी काठावरून माझ्यात उतरला आणि टाचेत साचलेलं पाणी प्याला. टाचेकडे ओल होती, म्हणून त्याची इवली पावलं तिथं उमटली. बोटांकडचा चिखल मात्र सुकून कडक झाला होता. तिथून तो बाहेर पडला, पण त्याची खूण राहिली नाही. माझा पाय तोवर नदीपलीकडे पोहोचला होता. त्या दोघांची कधी गाठच पडली नाही.

नंतर वाळू आली, वाळूवर वाळू. मी दगड झालो. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पुढे लेसोथोच्या डोंगरात, एका कड्याच्या आडोशाला आजच्या घरधनीण मासेखोबेंच्या सासऱ्यांनी घर बांधलं. जमीन म्हणून खडक आयताच मिळाला आणि खडकात मीही. त्या घरानं एक रीत धरली. बाळ आजोळाहून घरी आलं की आधी त्याच्या टाचा माझ्यात टेकवायच्या. "पाऊल मोठं, आयुष्य मोठं," असं म्हणायचे. मुलं जगली, गुरांमागे गेली, मोठी होऊन सीमेपलीकडच्या खाणीत गेली. कुणी बरं होऊन उठलं की पाहुण्यांना सांगायचे, "ठशाची कृपा." मी ऐकत राहायचो. मला ते आवडायचं.

मग मासेखोबेंच्या मुलाचं, सेखोबेचं लग्न झालं. इकडे सुनेला पहिल्याच दिवशी होणाऱ्या बाळाची आई म्हणून नाव देतात. मासेखोबेंनी तिला मानेओ म्हटलं, म्हणजे नेओची आई. नेओ अजून कुठंच नव्हता. लग्नानंतर सेखोबे खाणीत परत गेला. घरात सासू, सून आणि लिकेलेली, सेखोबेची थोरली बहीण, एवढ्याच उरल्या.

मानेओ कामाला वाघीण होती. तिनं बाहेरच्या भिंतीवर बोटांनी अशी नक्षी ओढली की वाटसरू थांबून बघत.

"इतकी नको गं सजवू," लिकेलेली म्हणायची. "लोकांना वाटेल, मी इथं नुसती बसून खाते."

"मग खोटं काय वाटेल, ताई?"

दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी. निघण्याआधी घर नीट करून जावं म्हणून मानेओनं शेणमाती कालवली. त्या दिवशी मासेखोबे आणि लिकेलेली एका मयताला गेल्या होत्या. जमीन सारवता सारवता मानेओ माझ्यापाशी आली. तिच्या दृष्टीनं मी कोपऱ्यातला खड्डा होतो. त्यात दाणे पडत, दाण्यांना उंदीर येत. खड्ड्याची जमीन म्हणजे घरच्या बाईचीच लाज. तिनं ओंजळी ओंजळीनं मला भरलं, हातानं थापून सपाट केलं आणि ओल सुकल्यावर वर धान्याची कणगी सरकवली. रीत तिला कुणीच सांगितली नव्हती. प्रत्येकीला वाटत होतं, दुसरीनं सांगितली असेल.

ती परतली तेव्हा खिंडीत बर्फ होतं. पाठीला ब्लँकेटात गुंडाळलेला नेओ.

"आणा इकडे आमच्या छोट्या म्हाताऱ्याला!" मासेखोबे म्हणाल्या. "लिकेलेली, कणगी सरकव."

कणगी सरकली. खाली सपाट जमीन होती.

"इथला ठसा कुठं गेला?" मासेखोबेंनी विचारलं.

"तो खड्डा होय, आई? मी भरला. उंदीर बसायचा त्यात."

लिकेलेलीला हसू फुटलं. "घ्या! आजोबांच्या वेळचं पाऊल सूनबाईंनी थापून टाकलं!" मग तिनं आईचा चेहरा पाहिला आणि ती हसायची थांबली.

"मी आत्ता काढते," मानेओ म्हणाली.

"राहू दे. दगडासारखं गोठलंय. थंडी सरली की बघू."

थंडी सरली नाही. नेओला खोकला झाला, छाती घरघरू लागली. दवाखाना खिंडीपलीकडे. लिकेलेलीनं घोडा काढला, पण बर्फात घोडा पोटापर्यंत रुतला. ती परत आली. शेणाखालून मी अंगाई ऐकत होतो. अंगाई मध्येच थांबली.

नेओ गेल्यावर बऱ्याच दिवसांनी मासेखोबे बोलल्या, त्याही भांडी घासता घासता. "तू ठशाला बुजवलंस. त्यानं तुझं लेकरू बुजवलं."

मानेओनं मान खाली घातली. तिला ते पटलं.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पोरी, मी काही केलं नाही! मला काही करताच येत नाही. मी म्हणजे निघून गेलेल्या पायामागे उरलेली पोकळी. पण हेच मी आधी कधी म्हटलं होतं? मुलं जगत होती तेव्हा मी श्रेय घेत गप्प बसलो. जगल्यांचं श्रेय घेतलं, तर गेलेल्याचा दोष कुठल्या तोंडानं नाकारू? तोंड नाही हा माझा बहाणा आहे. मनातल्या मनातही मी नकार दिला नव्हता.

बर्फ वितळलं तशी मानेओ कणगी सरकवून चमच्यानं मला खरवडू लागली. कुणी सांगितलं नव्हतं. खरवडताना चमच्याचा दांडा वाकला. बोटं मोकळी झाली, टाच मोकळी झाली आणि टाचेत ती इवली पावलं दिसली.

"बघ," मासेखोबे मागे उभ्या होत्या. "आत गेलंय, बाहेर आलेलं नाही. लहान जिवाला यानं सोडलं नाही."

"आई, काहीही काय!" लिकेलेली म्हणाली. "उडी मारून गेलं असेल. त्याला काय तुमची परवानगी लागते?"

"तू गप्प बस."

मानेओनं त्या पावलांवर बोट फिरवलं. "या मोठ्यानं या इवल्याला मारलं असेल का, ताई? का नुसतेच एका जागी आले असतील?"

लिकेलेली खाली वाकून पावलं बघू लागली. उत्तर मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मानेओनं ब्लँकेट खांद्यावर घेतलं. "आई, मी माहेरी जाते. माझ्यामुळं या घरात आणखी काही व्हायला नको."

"आई, थांबवा की तिला!" लिकेलेली म्हणाली. मासेखोबेंचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. मानेओ उंबरा ओलांडून गेली. गुरं घेऊन चाललेल्या पोरांनी रोजच्यासारखी हाक मारली, "नेओची आई, कुठं निघालीस?" तिनं ओ दिली.

मासेखोबे तिच्यामागे गोठ्याच्या भिंतीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या. चूल विझली तरी उठल्या नाहीत.

मित्रांनो, आम्हा जुन्या ठशांना जपा. आमच्यावर हातोडी चालवू नका, आम्हाला फोडून घरी नेऊ नका. पण आमच्यापुढे हातही जोडू नका आणि आमच्या नावानं कुणाला बोल लावू नका. एका दगडावर दोन पावलं दिसली म्हणजे एकानं दुसऱ्याचं काही केलं असं होत नाही. आणि जे ठाऊक आहे ते बोलायला तुम्हाला तोंड आहे. ते वेळेवर उघडा.

खाणीत आहे तो मासेखोबेंचा दुसरा सेखोबे, गेलेल्या थोरल्या भावाचं नाव मिळालेला. पहिला घरी आणल्यावर आठवडाभरात गेला. त्याच्या टाचा माझ्यात टेकवल्या होत्या, आणि त्या वर्षी मी उघडाच होतो.