किल्ली काढल्यावर फिरणारा पंखा

गुढियारीतल्या त्या अरुंद गल्लीत, नवतप्याच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यांत तापलेल्या नऊ दिवसांतल्या, भर दुपारी, शे-दीडशे माणसं घाम पुसत उभी होती आणि कोणीही सावलीला सरकायला तयार नव्हतं. समोर एक जुनी पांढरी अँबेसिडर. इंजिन बंद. गाडीची किल्ली भार्गवजींच्या उंच धरलेल्या हातात, सगळ्यांना दिसेल अशी. गाडीच्या जाळीपुढं एक बाई चिठ्ठी धरून उभी होती.

आणि गाडीच्या नाकाडातून घर्रर्र आवाज आला. आतला पंखा आपोआप फिरायला लागला. चिठ्ठी बाईच्या हातातून सुटून फट्दिशी जाळीला जाऊन चिकटली.

"हो म्हणले! यशदीपभाऊ हो म्हणले!"

टाळ्या पडल्या, मोबाइल वर गेले, दोघी-तिघींनी डोळ्याला पदर लावला. चिठ्ठीत मुलीच्या सोयरिकीचा प्रश्न होता. जो माणूस जिवंतपणी कुणाच्या लग्नात मत द्यायला जात नव्हता, तो मेल्यावर आता साऱ्या पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, सोयरिकी जुळवत होता! मिनिटभरात पंखा थांबला. "थकले भाऊ," कोणीतरी हळहळलं.

यशदीपची बायको सुनीती दारात उभी राहून हे पाहत होती. पाहत होती म्हणायचं इतकंच. नवरा जाऊन दोन महिने झाले होते आणि तिला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. भाजीत मीठ नसलं तरी कळत नव्हतं. चटका बसला तर हात मागे घ्यायला वेळ लागायचा. ती रडली नाही म्हणून नातेवाईक तिला धीराची बाई म्हणत. धीर कसला! आत सगळं बधिर झालं होतं.

यशदीप रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होता. छातीत कळ आली तेव्हा "गॅस हाय, जाईन" म्हणून त्यानं ओवा चावला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी शेजारचा हिरालाल पाहुण्यांना स्टेशनावरून यशदीपच्याच या गाडीतून घेऊन आला. गाडी दारात लावली, किल्ली खिशात टाकली, जेवायला बसला, आणि पंखा आपोआप सुरू झाला.

हिरालाल हातातला घास टाकून उठला. तीस वर्षं त्यानं अँबेसिडरची टॅक्सी चालवली होती. "अरे, इसका पंखा तो पट्टे से घुमता है! इंजिन बंद, तो पंखा बंद. तीस साल में ऐसा नहीं देखा, भाभी. भैया आए हैं!"

झालं. तीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस बोलला, आता कोणाची बिशाद. बॉनेट उघडून पाहावं असं एकाच्याही मनात आलं नाही.

गंमत अशी, की हा सगळा पारा बौद्ध. घराघरात बावीस प्रतिज्ञा चौकटीत लावलेल्या. गल्लीत कोणी अंगात आलेली बाई आणली असती तर याच लोकांनी तिला हाकलून दिली असती. पण हा देव नव्हता ना. हे आपले यशदीपभाऊ, काल-परवापर्यंत सोबत चहा प्यायलेले. "आपण असलं काही मानत नाही, पण..." असं म्हणून प्रत्येक जण रांगेत लागत होता. त्या एका 'पण'मधून आख्खी अंधश्रद्धा घरात शिरली, तीही चपला न काढता.

बीरगावकडचे भार्गवजी याच फटीतून आले. माणूस हुशार. भगवं नाही, माळ नाही. पांढरा शर्ट, आणि स्वतःला म्हणवायचे 'ऊर्जा-साधक'. "मी महाराज नाही हो," ते हात जोडून सांगत. "हे सायन्स आहे. माणूस जातो, व्हायब्रेशन राहतं. लोखंड व्हायब्रेशन धरून ठेवतं. फॉरेनमध्ये यावर रिसर्च चालू आहे!" कुठल्या फॉरेनमध्ये, ते कोणी विचारलं नाही. त्यांनी बॉनेटला लाल धागा बांधला आणि ते उघडलं तर 'ऊर्जा उडून जाईल' अशी तंबी दिली. रोज दुपारी ते जाळीवर शाल पांघरून स्वतः गाडीत बसत, इंजिन सुरू करून डोळे मिटत. काही वेळानं इंजिन बंद, शाल दूर, किल्ली वर. मग थोडं थांबून चिठ्ठी हातातून सोडायची. पंखा फिरून ती जाळीला चिकटली तर हो. पडली तर नाही.

आता खरी गोष्ट. पंखा कशानं फिरतो ते सुनीतीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी, अशाच नवतप्यात, ही गाडी गोल बाजारच्या गर्दीत दर खेपेला उकळून उभी राहायची. वैतागून यशदीपनं पट्ट्यावरचा पंखा काढून फेकला आणि भंगारातून एका लहान गाडीचा विजेचा पंखा आणून बसवला. एका रविवारी तो स्वयंपाकघरात आला आणि तिचं चहाचं पातेलं उचलून त्यात पाणी उकळायला ठेवलं. मग तांब्याच्या बारीक नळीच्या टोकाला असलेला एक लंबुळका गोळा त्यात बुडवला. नळीच्या दुसऱ्या टोकाला बटणाची डबी होती. डबीत टक् वाजलं.

"पाह्य, गरम झालं का हे बटण आपोआप लागते अन् पंखा सुरू. थंड झालं का बंद."

"पातेलं काळं केलं माह्यं!"

"अवो, ऐक तं. तार सरळ बॅटरीला देतो. किल्ली काढली तरी पंखा चालला पायजे. चूल विझवली तरी तवा तापलेलाच राह्यते ना? तसं इंजिनचं हाय."

त्या गोळ्याचं काळं तेल पातेल्याला लागलं ते निघालंच नाही. तिनं आठवडाभर बोलणी ऐकवली होती. गाडी तो बाहेर रस्त्यावरच लावायचा, त्यामुळं पंख्याचा तो आवाज पाऱ्यात कधी कोणी ऐकला नव्हता.

मग ती गप्प का राहिली? पहिल्या दिवशी तोंड उघडायचं त्राणच नव्हतं. नंतर कोणी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर तो घर्रर्र आवाज तिला हवा होता. दिवसभरात तेवढंच एक तिच्या आतपर्यंत पोचायचं. तो नाही हे ठाऊक असूनही दुपार झाली की तिचे पाय दाराकडे वळायचे.

त्या दिवशी सोयरिकीची चिठ्ठी चिकटली, तेव्हा गर्दी पांगायच्या आत जाऊ आली. रीना. प्रफुल्लची बायको. प्रफुल्ल म्हणजे यशदीपचा धाकटा भाऊ. रीनानं पदराखालून एक कागद काढला.

"ताई, तुमचे दीर जिना चढले का छाती धरून बसते. डॉक्टरनं लिहून देलं, आजच्या आज भरती व्हा, नळी टाकून हृदय तपासू. अन् हे म्हणते, आधी दादाले विचारतो."

"कोणत्या दादाले?"

रीनानं गाडीकडे बोट केलं.

प्रफुल्ल रांगेत पुढंच होता. चेहरा पांढराफटक, शर्ट घामानं ओला. भार्गवजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजावत होते, "ब्लॉकेज-बिकेज काही नसतं. ही ऊर्जेची गाठ आहे. माझ्या सात बैठकींत सुटते, पैशांचं नंतर पाहू. पण माझं ऐकू नका, भावालाच विचारा." मग जाळीवर शाल पांघरली गेली, ते गाडीत बसले, इंजिन सुरू झालं.

सुनीती खिडकीजवळ गेली. भार्गवजींचे डोळे मिटलेले होते, पण अर्धेच. उरलेल्या अर्ध्या डोळ्यानं ते समोरचा उष्णतेचा काटा पाहत होते. रोज काटा वर जाईस्तोवर थांबणारा माणूस आज काटा मध्यावरून जरा हलतो न हलतो तोच इंजिन बंद करून बाहेर आला.

पंखा फिरला नाही. प्रफुल्लच्या हातातली चिठ्ठी जमिनीवर पडली.

"भाऊ नाही म्हणतात," भार्गवजी हळू आवाजात बोलले. "दवाखाना नको."

प्रफुल्लनं मान हलवली. "दादा म्हणते तं नाई जात."

सुनीतीच्या अंगातून सर्रकन काहीतरी गेलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. भीती होती ती, आणि मागोमाग राग. तीच छाती, तोच घाम. आणि यावेळी नाही म्हणणारा तिचा नवरा! ज्याला स्वतःला वेळेवर नेलं नाही म्हणून ती आतून मेल्यासारखी झाली होती, त्याच्याच तोंडून?

ती आत गेली. ओट्याखालचं ते काळं पातेलं काढलं, पाणी गॅसवर ठेवलं. उकळी फुटली तशी एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात माठातल्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"हिरालालभैया, बॉनेट खोला."

"भाभी, धागा..."

"तोडा तो."

"ऊर्जा उडून जाईल!" भार्गवजी ओरडले.

"उडू द्या. पातेलं गरम हाय, बाजूला व्हा."

हिरालालनं बॉनेट उघडलं आणि तसाच पाहत राहिला. "पट्टेवाला पंखा कहाँ गया?"

"तुमच्या भैयानं काढला. तीस वर्षं गाडी चालवली, एकदा वाकून पाह्यलं असतं तं?" तिनं इंजिनचं पाणी थंड करणाऱ्या जाळीतून तांब्याची नळी ओढून काढली. टोकाचा गोळा सगळ्यांना दाखवला. "प्रफुल्ल, उचल चिठ्ठी. धर जाळीपुढं. विचार दादाले."

तिनं गोळा उकळत्या पाण्यात बुडवला. चार-पाच क्षण काही नाही. मग घर्रर्र! चिठ्ठी जाळीला चिकटली.

"हो म्हणून राहिला तुहा दादा. आता थांब."

गोळा माठाच्या पाण्यात गेला. पंखा मंदावला, थांबला. चिठ्ठी खाली पडली.

"आता नाई म्हणते. प्रश्न एकच, चिठ्ठी एकच. सांगा बरं सगळेजण, यशदीप पातेल्यात हाय का तांब्यात?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. भार्गवजींनी घसा साफ केला, "पाहा, पाणी हे ऊर्जेचं वाहक..."

"इंजिन तापवायले शाल अन् कधी बंद करायचं ते पाहायले काटा. हे तुमचं सायन्स. हो पायजे तं जास्त तापवायचं, नाई पायजे तं लवकर बंद." ती त्यांच्या अगदी समोर गेली. "बाकीच्यांच्या सोयरिकी तुम्ही जुळवल्या. ह्याच्या जिवाशी काहून खेळून राहिले?"

भार्गवजींनी शाल काखेत मारली. किल्ली मात्र हिरालालनं त्यांच्या हातातून काढून घेतली. गर्दीनं वाट करून दिली आणि साधक बीरगावच्या रस्त्याला लागले.

सुनीती गर्दीकडे वळली. "मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बोलली नाई, ही माही चूक. तुमची चूक येवढीच, का कोणीच बॉनेट उघडलं नाई. जे समजत नाई ते विचारा. मेकॅनिकले विचारा, डॉक्टरले विचारा, मले विचारा. मेलेल्या माणसाले नका विचारू. तो काही सांगत नाई. सांगत असता तं मले सांगतलं नसतं का?"

तिनं नळी पुन्हा जागेवर खोचली. मग प्रफुल्लचा दंड धरून त्याला मागच्या सीटवर बसवलं.

"वहिनी, पण दादा..."

"तुह्या दादानं ओवा खाल्ला होता. बस गाडीत."

हिरालालनं गाडी हाणली. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं, रीना त्यामागे धावली, प्रफुल्लला आत नेलं. हृदयाच्या दोन नळ्या बंद होत्या, हे डॉक्टरांनी तासाभरानं सांगितलं. उद्यावर टाकलं असतं तर काही खरं नव्हतं, हेही सांगितलं.

पण ते नंतर. आधी हिरालालनं किल्ली काढली, आणि उन्हात गाडीचा पंखा घर्रर्र करत सुरू झाला. हिरालालचे हात सवयीनं जुळायला निघाले, मग तो ओशाळून कान खाजवायला लागला.

दारावरचा चौकीदार आला. "दीदी, पंखा चालू रह गया आपका."

"अपने आप बंद हो जाएगा," सुनीती म्हणाली. "मेरे आदमी ने लगाया है."

असं म्हणताना तिला रडू फुटलं. दोन महिन्यांचं सगळं एकदम. बॉनेटवर हात टेकून ती उभ्याउभ्या रडली, भर उन्हात, लोकांदेखत. पत्रा भाजत होता आणि हे तिला कळत होतं.

पंखा थांबला तेव्हा तिनं तोंड पुसलं आणि दिराजवळ आत गेली.