अर्जुनरावानं सांगितलेला सिनेमा

शहात्तर साली, आणीबाणीत, भोसरीत सभेला बंदी होती, सिनेमाला नव्हती. म्हणून कारखान्यातले युनियनवाले सुट्टीच्या दुपारी शेडच्या खिडक्यांना गोणपाट लावून पुण्याहून आणलेले परदेशी सिनेमे बघायचे. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती कुणाला कळणार? सेक्रेटरी अर्जुनराव पडद्याशेजारी उभा राहून ती वाचायचा आणि सगळं मराठीत सांगायचा. बोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्या दिवशी त्यानं गिरजाबाईला मुद्दाम नेलं. "चला वहिनी, तेवढंच मन रमंल." मन कसलं रमतंय! तिचा नवरा कोंडीराम संपानंतर रहाटणीत लपला होता. तिथून पोलिसांनी उचलला आणि कोठडीतून घरी आलं ते मढं. ती जागा दोघांनाच ठाऊक होती, तिला आणि रोज भाकरी पोचवणाऱ्या अर्जुनरावाला. मग सांगितलं कुणी? आपण एकदा भेटायला गेलो तेव्हाच कुणी मागावर आलं असेल, असं म्हणून बाई स्वतःलाच खात होती.

सिनेमा पोलंडचा, जुन्या काळातला. परक्या फौजेनं गाव घेतलेलं, चिखल, झाडाला टांगलेली माणसं. बायकांनी पदर तोंडाला लावले. एक माणूस शिपायांना बोट करून घर दाखवतो.

"चुकीचं घर दाखवतोय," अर्जुनराव म्हणाला. "दोस्ताला वाचवायला."

पण शिपाई त्याच घरात शिरले आणि दोस्ताला केसांना धरून बाहेर ओढलं. गिरजाबाईला इंग्रजी येत नव्हतं, डोळे तर होते. ती अर्जुनरावाकडे बघायला लागली. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

पुढं तोच माणूस दोस्ताच्या विधवेकडे जेवायला बसतो. दार उघडून मेलेला दोस्त येतो, चिखलानं भरलेला, आणि त्याच्या शेजारी बसतो.

"काय म्हणतोय राव तो?" मागून कुणी विचारलं.

अर्जुनराव पडद्याशेजारून हलला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. रीळ संपेपर्यंत तो पडद्याकडे परतला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर तो नेहमीसारखा गिरजाबाईकडे जेवायला आला. कोंडीराम गेल्यापासून तसा रिवाजच पडला होता. तिनं दोन ताटं वाढली.

"दुसरं कुणाचं?"

"ह्यांचं. येतील आता. तुमच्याच शेजारी बसतील."

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग तो खाली बघत म्हणाला, "पोराला उचलणार म्हणाले पोलीस, वहिनी. माझ्या पोराला."

"व्हय," गिरजाबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "जेवा भाऊजी. तुमी उपाशी गेलेलं ह्यांना न्हाई आवडायचं."