दंडावरच्या गाठी

माझा मुलगा विपुल मला सुई टोचायचा ती बैलाला लस टोचल्यासारखी. फ्रिज उघडला, सुई काढली, खांद्यानं फोन कानाला दाबून धरला, माझा दंड पकडला आणि खुपसली. वर मलाच म्हणायचा, "आये, हलू नको गो." मी कशाला हलू? हलायची ताकद असती तर सुई कशाला लागली असती?

टोचून झालं की कापसानं खसाखसा चोळायचा. धसईच्या दवाखान्यात कंपाउंडर चोळायचा, तेच हा लहानपणी शिकला. मग सुई डब्यात टाकायचा आणि नाक्यावर पळायचा. मुरबाडच्या कंपनीची गाडी सकाळी तिथं थांबते. आणि मी पडवीत दंड धरून बसायचे, आत निखारा ठेवल्यासारखा.

माझ्या दुखण्याचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमेस. मला ते बोलायला येतं, बरं का. गावातल्या बायका विचारतात तेव्हा मी पूर्ण नाव सांगते, म्हणजे पुढचं विचारत नाहीत. नसांवर जी साल असते तीच अंगातलं रक्त शत्रू समजून सोलतं, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. आधी एक डोळा धुरकट झाला. मग चालताना डावी चप्पल पायातून सुटायची आणि मला कळायचंच नाही, मागून कोणीतरी आणून द्यायचं. आणि थकवा. लावणी करून आलेल्या बाईला झोपल्यावर बरं वाटतं. हा थकवा माझ्याबरोबर झोपतो आणि माझ्या आधी उठतो.

सुईनं हे बरं होत नाही. सुईनं ते आहे तिथं थांबतं, थांबलं तर. आठवड्यातून तीनदा टोचायची, आणि कधीपर्यंत ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

विपुल टोचायला लागला तेव्हा मला बरंच वाटलं होतं. लेक आईचं करतो, चार लोक बघतात. पण तो टोचायचा ते दंडावरच. कधी उजवा, कधी डावा. सुपारीएवढ्या गाठी झाल्या दोन्हीकडे. जुन्या गाठी बसल्या तिथं खड्डे पडले. पोलक्याची बाही चढवताना डोळ्यांत पाणी यायचं. भाकरी थापायला हात उचलेना. मी म्हटलं, "अरे, सुई जरा आधी काढून ठेव, गार लागते रे आत." तर म्हणाला, "खराब होईल. महागाचं औषध हाय. फ्रिजबाहेर ठेवायचं नाय." मी फ्रिजला हात लावला तरी ओरडायचा.

शेवटी मी सांगितलं, "आता नको टोचू. मला नको."

"मग पाय जातील," तो म्हणाला. "मग मला सांगू नको उचलून न्यायला."

तो चिडून बोलला होता, पण खरं बोलला होता. माझ्यापुढं दोनच गोष्टी होत्या. सुई सोसायची, नाहीतर खाटेवर पडून सुनेच्या हातचं सगळं करून घ्यायचं. सगळं म्हणजे सगळं. ते मला सुईपेक्षा जास्त टोचत होतं.

माझी सून मिताली फार बोलत नाही. सुई बघितली की तिला चक्कर येते, म्हणून ती त्या वेळी गोठ्यात जाते. पण तिनंच फोनवर कुठूनतरी काढलं, की शहापूरला एका दवाखान्यात सुई टोचायला शिकवणारी सिस्टर येते. "आई, जाऊया का?" म्हणाली. मी म्हटलं, "मला शिकवणार कोण? मी तिसरीत शाळा सोडली." ती म्हणाली, "सुईला कुठं वाचता येतं?" तेव्हा मला कळलं की ही पोरगी गप्प असते ती काही सुचत नाही म्हणून नव्हे.

धसईहून सरळगाव, तिथून किन्हवलीवरून शहापूर. यष्टीत चढायलाच माझा अर्धा जीव गेला. खिडकीला डोकं टेकलं ते शहापूर आल्यावरच उचललं.

सिस्टरचं नाव सोनाली. वयानं माझ्या मितालीएवढी. तिनं माझे दंड बघितले आणि गाठींवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "मावशी, हा दंड आता काही महिने विश्रांतीला. सारखं एकाच जागी टोचलं की असंच होणार. पोट आहे, मांड्या आहेत, कमरेचा मागचा भाग आहे. तिथं का नाही टोचत?"

"टोचतो कोण? माझा मुलगा."

"मग?"

"मग काय, बाई? लेकापुढं पोट उघडं करू? नऊ महिने होता तो त्यात, पण आतून होता."

ती हसली. मिताली पण हसली, तोंडाला पदर लावून. मी नाही हसले. मला कोणी विचारलंच नव्हतं इतके दिवस. विपुलला दंडापुढं बाईला अंग असतं हे सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्यानं तोंडातून काढलं नसतं, मीही नसतं. दोघं लाजत होतो आणि दंड सडत होता.

"तर मग तुम्हीच टोचा," सोनाली म्हणाली. "दार लावा, आत तुम्ही आणि सुई."

तिनं एक चित्र दाखवलं. बाईचं अंग, त्यावर खुणा. मी म्हटलं, "हिला साडी नाय का गो?" पण खुणा समजल्या. टोचायच्या आधी सुई अर्धा तास बाहेर ठेवायची. एवढ्यात औषध खराब होत नाही, गारठा तेवढा जातो. हे ऐकून मला विपुलची आठवण झाली आणि दात आवळले गेले. हात धुवायचे. स्पिरिट लावलं की ते वाळू द्यायचं, ओल्यावर टोचलं तर ते आत जाऊन जळतं. सुई सरळ घालायची, दट्ट्या हळू दाबायचा. आणि नंतर चोळायचं नाही. नुसता कापूस टेकवून धरायचा. हवं तर फडक्यात बर्फ गुंडाळून वरून लावायचा.

"चोळायचं नाय?" मी दोनदा विचारलं.

"अजिबात नाही."

मला स्पंजच्या तुकड्यावर टोचायला दिलं. कातडीचा चिमटा कसा धरायचा ते ती दाखवायला लागली. मी म्हटलं, "बाई, चिमटा मला शिकवू नको. तीन पोरं चिमट्यावर वाढवली." पण सुई घालताना माझा हात कापला. दुसऱ्यांदा कापला. तिसऱ्यांदा तिनं माझं मनगट मांडीवर टेकवलं, म्हणाली, "टेका लागतो, मावशी. सगळ्यांनाच लागतो."

घरी येऊन मी भाकरीच्या उकडीच्या गोळ्यावर रिकामी सुई टोचत बसायचे. विपुल बघून म्हणाला, "आये, भाकरीला पण एमेस झाला काय?" मी गोळा फिरवला आणि पुन्हा टोचली.

पहिल्यांदा पोटावर टोचलं तेव्हा दार लावून घेतलं होतं. मितालीनं सुई आधीच काढून ताटलीत ठेवली होती. बघू शकत नाही, पण ठेवली. मी डावा हात गादीवर टेकवला, मग लक्षात आलं, चिमट्याला हात उरला नाही. तशीच बसून राहिले. मग उशीला कोपर टेकवलं, त्याच हातानं चिमटा धरला आणि सुई गेली. मला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. लाल झालं, चुणचुणलं, दुपारपर्यंत उतरलं. गाठ नाही आली.

पुढची मांडीवर. मग दुसऱ्या मांडीवर. मग पोटाच्या दुसऱ्या अंगाला. वार लक्षात ठेवते मी, आणि अंग मला माहीत आहे. कमरेच्या मागं मात्र हात पोचत नाही. तिथं नाही म्हणजे नाही.

आणि मग मागच्या बुधवारी हात उठेना. रात्री झोप नव्हती, सकाळी बोटं दुसऱ्या कोणाची असल्यासारखी. दार लावून बसले. मांडी उघडी, स्पिरिट लावलं, वाळलं. पुन्हा लावलं, पुन्हा वाळलं. सुई हातात आणि बोटं मिटत नव्हती.

बाहेरून विपुल. "आये, झालं काय?"

"नाय."

"दे इकडं. दोन मिनटाचं काम. गाडी येईल माझी."

"जा तू."

"हात चालत नाय तुझा, मला माहीत हाय. दार उघड. दंडावर टोचतो आणि जातो."

मी दाराकडं बघत राहिले. खरं सांगते, उठावंसं वाटलं. दार उघडावं, दंड पुढं करावा, होऊ दे काय व्हायचं ते. थकलेल्या माणसाला दुसऱ्याची घाई पण बरी वाटते. उठले असते, तर पुन्हा कधी दार लावलं नसतं.

मी सुई ताटलीत ठेवली. हात मांडीखाली दाबून ऊब दिली. बाहेर तो येरझारा घालत होता, चपलेचा आवाज येत होता. नाक्यावर हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. आणि गेला.

बोटं जरा माझी झाली. मनगट मांडीवर टेकवलं. टोचली. हळू दाबली. कापूस धरला आणि तशीच बसून राहिले, चोळलं नाही.

दार उघडलं तर विपुल उंबऱ्यापाशीच बसलेला. जेवणाचा डबा मांडीवर. म्हणाला, "गाडी गेली. माझा आजचा खाडा झाला. तुझ्या या नादापायी. माझ्याकडनं करून घ्यायला काय झालं होतं? मी काय वाईट टोचतो?"

मी भिंतीला धरून त्याच्या शेजारी बसले. बसायला वेळ लागला, त्यानं हात दिला, मी घेतला. मग मी म्हटलं, "वाईट टोचतोस. तू माणूस वाईट नाय रे, विपुल, पण तुला माझ्या दुखण्याचा कंटाळा आलाय आणि तो तुझ्या हातात उतरतो. मला पण आलाय, तुझ्याहून जुना हाय माझा. पण तो मी माझ्या अंगावर काढत नाय. सुईला आता तू हात लावायचा नाय. रागानं नाय सांगत, ठरवून सांगते. आता ऊठ आणि धसईवरनं यष्टी बघ."