नऊ नंबरचा रकाना

ह्या गावात भिंतीला खिळा कुणी ठोकत नाही. नगरपालिका ह्याला शहर म्हणते. म्हणू द्यावं, पाटी त्यांनीच रंगवली आहे. एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पॅकिंग शेड, एक शीतगृह, टायरची सात दुकानं, मोबाइलची नऊ, एक शाळा, एक दवाखाना, आणि पलीकडे नजर पोचेल तिथवर टोमॅटो, ढोबळी मिरची आणि कोबी. वस्ती वीस हजारांची. पण "कुठले तुम्ही?" असं विचारलं, तर शंभरातले नव्वद जण ह्या गावाचं नाव घेणार नाहीत. सगळे दुसरीकडचे, सगळे हंगामापुरते आलेले. टोमॅटो संपला की जाणार असतात, तोवर मिरची लागते. मिरची उरकेपर्यंत कोबी गड्डा धरतो. हंगाम काही संपत नाही आणि मंडळी काही जात नाहीत. तरी खोल्यांमधून कपाटाऐवजी खोकी, कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं, आणि भिंती कोऱ्या. खिळा ठोकला की मुक्काम वाढतो, अशी सगळ्यांची समजूत आहे.

चार नंबरच्या शेडमध्ये खोक्यांवर चिठ्ठ्या लिहिणारी एक बाई होती. तिला खरं नाव होतं, पण अक्षर इतकं टपोरं की सगळे तिला अक्षरबाई म्हणत. नवराही रागावला की तेच म्हणे. शेडमध्ये सात मुलखांच्या बायका, त्यातल्या निम्म्यांना इथली लिपी येत नाही. त्यामुळे रेशनपासून शाळेपर्यंत कुणाचाही अर्ज असला की तो अक्षरबाईकडे यायचा. जेवणाच्या सुट्टीत उलट्या क्रेटवर बसून ती लिहायची आणि एकही शब्द गाळायची नाही. ह्या कामाचा तिला थोडा तोराही होता, आणि असायला हरकत नव्हती. पुढे तेच अक्षर तिच्या अंगाशी आलं.

झालं असं की सोमवारी तिची लेक सातव्या महिन्याच्या तपासणीला दवाखान्यात गेली आणि तोंड पाडून परत आली. बाळंतपणाची खोली महिनाअखेर बंद होणार होती. दोन खाटांची खोली, एक सिस्टर, एक आया. तेवढंही वर कुणाला तरी जड झालं होतं.

"मग बाळंतपण कुठं?" अक्षरबाईने विचारलं.

"मोठ्या शहरात. अडीच तास," लेक म्हणाली. "रस्ता मोकळा असला तर."

तो रस्ता अक्षरबाईला ठाऊक होता. चोवीस वर्षांपूर्वी इथे अशी खोली नव्हती, तेव्हा तिला पहिलटकरीण म्हणून भाजीच्या टेम्पोत घालून त्याच रस्त्याने नेलं होतं. ती शहरापर्यंत पोचली नाही. मुलगा वाटेतच झाला, दुपारपर्यंत जगला. टेम्पो परत फिरला, आणि नवऱ्याने दोघा गड्यांना घेऊन कालव्याकाठी खड्डा केला. त्यानंतर वर्षभराने दवाखान्यात ती खोली झाली आणि लेक तिथे सुखरूप जन्मली. त्या मुलाबद्दल नवरा-बायको पुन्हा कधी बोलले नाहीत.

हातातली चिठ्ठ्यांची वही तशीच टाकून ती नगरपालिकेत गेली. कारकून जेवून नुकताच बसला होता. चेहऱ्यावर सुपारीचं समाधान.

"लोकसंख्येचा नियम आहे, बाई. कायम रहिवासी पाच हजार पाहिजेत. ह्या गावात भरतात अठराशे बारा."

"अठराशे? अहो, आमच्या एका शेडमध्ये चारशे बायका आहेत!"

"त्या तात्पुरत्या." त्याने एक गठ्ठा तिच्यासमोर आपटला. "वाचा. नऊ नंबरचा रकाना."

तिने वाचलं. पानामागून पान, तिचंच टपोरं अक्षर. नऊ नंबर: कायमचा पत्ता. त्यात तिने कुणाचं विहिरीमागचं घर लिहिलं होतं, कुणाची टेकडीखालची वाडी, कुणाच्या गेलेल्या बापाचं नावसुद्धा, म्हणजे पत्र चुकायला नको. आणि दहा नंबर, तात्पुरता पत्ता: शेड चारच्या मागे, खोली अमुक. कायमचा पत्ता म्हणजे जिथून आलो तो, ह्यात तिला कधी शंकाच आली नव्हती. सांगणाऱ्यांनाही आली नव्हती. वीस-वीस वर्षं इथे राबलेली माणसं तिने स्वतःच्या हाताने गावातून पुसून टाकली होती, तेही सुवाच्य अक्षरात.

"हे आता दुरुस्त कसं करायचं?"

कारकुनाने नियम सांगितला. साडेसहाशे कुटुंबांचे नवे अर्ज, प्रत्येकावर कुटुंबप्रमुखाची सही, आणि सगळ्यांवर एका मुख्य अर्जदाराचं नाव. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच. खाडाखोड चालणार नाही.

"मुख्य अर्जदार मीच," अक्षरबाई म्हणाली. चूक तिची होती, निस्तरायलाही तीच हवी होती.

मंगळवारी ती घरोघर फिरली आणि तिच्या नाकी नऊ आले. तिला वाटलं होतं, सही काय, दोन मिनिटांचं काम. पण पेन पुढे केलं की माणसं विंचू दाखवल्यासारखी मागे सरत. "इथं कायमचं लिहिलं की इथंच मरायचं," असं एक म्हातारा तोंडावर म्हणाला. शिवणवालीला धास्ती, की गावाकडच्या भावाला कळलं तर तो तिची तिथली खोली भाड्याने देऊन टाकील. पंक्चरवाल्याने तर हातच झटकले.

"मी काय इथला आहे का अक्षरबाई? मी आपला येता-जाता थांबलोय."

"एकोणीस वर्षं?"

"टायर संपेनात, त्याला मी काय करू!"

दिवसभरात तिला एकतीस सह्या मिळाल्या. संध्याकाळी तिने घरचा अर्ज नवऱ्यापुढे ठेवला. नवरा कोबीच्या शेतांवर मुकादम होता. माणूस कामाला वाघ, बोलायला मात्र महाकंजूस. खाटेखाली त्याची एक पेटी होती, दोरीने आवळलेली; आत दोन जोड कपडे आणि एक घोंगडी. चोवीस वर्षं ती पेटी निघण्याच्या तयारीत होती.

"मी सही करणार नाही," तो म्हणाला.

"अहो, आपल्या लेकीसाठी—"

"बाकी काय सांगशील ते करतो. हे नको." आणि तो चपला घालून बाहेर गेला.

अक्षरबाईचं डोकं फिरलं. ह्या माणसाला काळीज आहे की नुसता कोबीचा गड्डा, असं ती रिकाम्या खोलीला मोठ्याने म्हणाली. रागारागाने तिने स्वतःच तो अर्ज भरायला घेतला. नऊ नंबरपाशी आली, भराभर लिहिलं, आणि पाहते तर तिच्या हाताने तेच जुनं गाव लिहिलं होतं, जिथलं घर दिरांनी पाडून दहा वर्षं झाली. तिने तो कागद फाडला. मग नवऱ्यावर ओरडायला तिला तोंड राहिलं नाही. दुसरा अर्ज तिने कोराच पिशवीत ठेवला.

बुधवारी तिने विचारायची रीत बदलली. सिस्टरकडून जन्माची जाडजूड वही मागून आणली आणि जेवणाच्या सुट्टीत शेडमधल्या माल निवडायच्या पट्ट्यावर उघडली. अकराशे चाळीस पोरं त्या खोलीत जन्मली होती. तिने एकेकीचं पान काढलं. "ही तुझी धाकटी. हिचा कायमचा पत्ता मी तुझ्या गावचा लिहिलाय. तिने ते गाव पाहिलंय?"

बाई म्हणाली, "फोटोत पाहिलंय."

पंक्चरवाल्याच्या दुकानात तर त्याची पोरगीच बसली होती, बारा वर्षांची, पाय हलवत. अक्षरबाईने तिला बापाच्या गावाचं नाव विचारलं. पोरीने ते असं काही उच्चारलं की बापाने पाना खाली ठेवला. त्याने तीनदा म्हणून दाखवलं, तिला तीनदा जमेना, वर तिला हसू आवरेना. तो बिचारा हसावं की रडावं अशा तोंडाने उभा राहिला. मग पेन मागून घेतलं.

"पोरीसाठी हं. माझं म्हणाल तर मी जाणारच आहे."

"जा ना. सही करून जा."

तिथून वारं फिरलं. पट्ट्यावरच्या बायकांनी गल्ल्या वाटून घेतल्या, लेक पोट सावरत रोपवाटिकेतल्या सह्या घेऊन आली, पंक्चरवाला तर हवा भरायला थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्यांना सही केल्याशिवाय सोडेना. शुक्रवारी दुपारी गठ्ठ्यात सहाशे एकाहत्तर अर्ज होते. घरी मात्र नवरा चार दिवस मूग गिळून बसलेला. एक अर्ज कमी पडला तर कुणाला कळतंय, असं अक्षरबाईने मनाशी ठरवलं आणि चार वाजता नगरपालिका गाठली.

कारकुनाने गठ्ठा मोजला, चाळला, आणि वरच्या कागदावर बोट ठेवलं.

"मुख्य अर्जदार तुम्ही. तुमच्या घराचा अर्ज कुठाय? तुम्हीच कायमच्या नाही, आणि बाकीच्यांना कायमचं करायला निघालात?"

"दुसऱ्या कुणाचं नाव घाला की."

"प्रत्येक अर्जावर तुमचं नाव आहे. बदलायचं तर सगळ्या सह्या पुन्हा."

घड्याळात चार दहा झाले होते. तिने गठ्ठा तिथेच ठेवला, पिशवीतला कोरा अर्ज काढला आणि पंक्चरवाल्याच्या मोटरसायकलवर बसून कोबीच्या शेतावर आली. ती जन्मात कधी मोटरसायकलवर बसली नव्हती. सबंध वाटभर त्याचा शर्ट घट्ट धरून होती. सरीत बायका गड्डे काढत होत्या. मुकादम दिसेना.

"चहाच्या सुट्टीत ते तिकडं असतात," एकीने सुरीने कालव्याकडे दाखवलं. "रोजच."

"रोज?"

"मी आले तेव्हापासून तरी. आठ वर्षं झाली."

अक्षरबाई बांधावरून तिकडे निघाली. शेताच्या टोकाला, शेवटच्या सरीपलीकडे, तिचा नवरा उकिडवा बसला होता. समोर हातभर जागा, भोवती चार दगड, गवताची काडी नाही. ती इथे त्या दिवसानंतर एकदाही आली नव्हती. तिला वाटलं होतं, एव्हाना नांगराखाली गेलं असेल. तिला वाटलं होतं, तो विसरला.

"मला कधी बोलला नाहीत," ती म्हणाली.

त्याने वळून पाहिलं नाही. "तू रडशील म्हणून."

ती शेजारी बसली. रडू आलंच, ते तिने येऊ दिलं.

"दरवर्षी इथं येऊन ह्याला सांगतो," तो म्हणाला, "यंदा जातो बाबा. पेटी तयार आहे म्हणतो. आणि पाय निघत नाही. सही केली असती तर वाटलं असतं, ह्या मातीने त्याला घेतलं ते मी चालवून घेतलं."

"आणि लेकीला त्याच रस्त्याने पाठवायची?"

त्याने कडेचा एक दगड नीट बसवला. रस्त्यावर पंक्चरवाल्याने हॉर्न वाजवला, एकदा, दोनदा. मग नवऱ्याने हात पँटला पुसले आणि एक पुढे केला. तिने बाकीचे रकाने भराभर भरले आणि अर्ज नि पेन त्याच्या हातात दिलं. नऊ नंबरपाशी ती सांगायला लागली, "शेड चारच्या मागे, खोली—"

"थांब. मी लिहितो."

तो क्वचितच लिहायचा. गुडघ्यावर कागद ठेवून, जीभ दातात धरून, त्याने तो रकाना भरला, खाली सही केली आणि घडी घातली. मग तिघं एका मोटरसायकलवर, मध्ये अक्षरबाई, अशी वरात नगरपालिकेत पोचली. कारकून टेबल आवरत होता.

त्याने घडी उलगडली. बाकीचं टपोऱ्या अक्षरात, आणि नऊ नंबरात कोंबडीचे पाय. चष्मा वर करून त्याने मोठ्याने वाचलं.

"कालव्याकाठी, कोबीच्या शेवटच्या सरीपाशी. हा कसला पत्ता? तिथं घरच नाहीये. राहतं कोण तिथं?"

अक्षरबाईने तोंड उघडलं, पण नवरा आधी बोलला.

"आमचा थोरला," तो म्हणाला. "चोवीस वर्षं झाली."

कारकुनाने चष्मा खाली घेतला. पाचला दोन मिनिटं कमी होती. त्याने खण पुन्हा उघडला, शिक्का काढला आणि शाईच्या गादीवर दाबला.